कुत्रं जितं राहिलं पाहिजे

सौदा रुमालाखाली चालला होता, म्हणून खुशालरावला मागे वळून बघता आलं नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडलं, तेव्हा ती आधीच सांगून टाकलेली बरी.

अमरावतीच्या कापूसबाजारात तेव्हा भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. दलाल आणि शेतकरी समोरासमोर उभे राहत, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जात आणि बोटं दाबून भाव ठरे. वर दोघांचे चेहरे मर्तिकाला आल्यासारखे. मधेच हात सुटला की सौदा मोडला. अमेरिकेत कुठेशी भाऊबंदकी पेटली होती, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि त्या भाऊबंदकीच्या कृपेने वऱ्हाडातल्या माणसांना आपल्या बोटांची किंमत पहिल्यांदाच कळत होती. खुशालरावचा हात असा रुमालाखाली असताना, दलालाचं बोट त्याच्या मुठीत असताना, गाडीखालून एक लहानसं कुत्रं आलं आणि त्याने त्याची पोटरी धरली.

खुशालराव ओरडला नाही. त्याने दात आवळले आणि मुठीतलं बोट दाबलं. इतक्या निर्धाराने बोट दाबणारा शेतकरी त्या दलालाने आजवर पाहिला नव्हता. त्याने घाबरून भाव मान्य केला. खुशालराव वळला तेव्हा गर्दीत शेपूट तेवढं नाहीसं होत होतं.

कुत्रं पुरतं पाहिलं ते एका गोदाबाईने. ही खुशालरावची बायको. अंबादेवीच्या दर्शनाला म्हणून ती अकोल्याकडच्या त्यांच्या गावाहून गाडीत बसून आली होती आणि आता कापसाच्या ढिगावर बसून बाजार बघत होती. कुत्रं लाल होतं, लहान होतं, डावा कान दुमडलेला होता. नवरा त्याच्या शेपटीवर बराच वेळ उभा होता, हेही तिने पाहिलं. पण रुमालाखाली हात असलेल्या माणसाशी बोलायचं नसतं.

जखमेत मिरची भरून दोघं गावी परतले. भाव असा लागला होता की पोटरी दुखते हे खुशालराव वाटेत दोनदा विसरला. त्याला त्याची आठवण करून दिली भगवंतरावांनी.

भगवंतराव गावातले जाणते. ते बैलालाही औषध देत आणि माणसालाही. मात्रा ठरवताना फारसा भेद करीत नसत. त्यांनी पोटरी पाहिली, डोळे मिटले आणि एकच विचारलं.

"कुत्रं कोठं आहे?"

"अमरावतीले राह्यलं," खुशालराव म्हणाला. "मी काय त्याले संग आनू?"

"आनाचं होतं. जे चावलं ते कुत्रं सव्वा महिना जितं राह्यलं, तं तू जिता. ते पिसाळून मेलं, तं..." भगवंतरावांनी वाक्य सोडून दिलं आणि पानाला चुना लावला. "अन् मेघ गरजला का अंगातलं ईख, कुत्र्याचं जहर, उठते. तवा माणसाले पाणी गियता येत नाई. पाण्यात कुत्रं दिसते."

"आता थंडीचे दिवस आहेत. मेघ कुठचा गरजते?"

"तेच म्हनून राह्यलो. वेळ आहे तुह्याजवळ."

कुत्रं चावलेल्याने करायच्या रीतीप्रमाणे खुशालरावने सात विहिरींत डोकावून घेतलं. गावात विहिरी पाचच, उरलेल्या दोनसाठी शेजारच्या गावी जावं लागलं आणि तिथल्या लोकांना कारण सांगावं लागलं. प्रत्येक विहिरीत त्याला स्वतःचा नवा जरीकाठी फेटा दिसला. त्याने थोडा धीर आला. पण घरी येऊन जेवायला बसला आणि घास तोंडात फिरू लागला.

"काय वं," त्याने गोदाबाईला विचारलं. "तू पाह्यलं होतं ना? कसं होतं?"

"लाल. लहान. डावा कान दुमडला होता. तुमी त्याच्या शेपटीवर उभे होते."

"शेपटीचं सोड. तोंडाले फेस होता का?"

"भाकर होती तोंडात. तुमाले चावाले त्यानं ती खाली ठेवली."

हे ऐकून दुसरा कोणी निश्चिंत झाला असता. खुशालरावने रात्र छताकडे बघत काढली आणि उजाडायला गाडी जुंपली.

अमरावतीत पोचले तर बाजारात एक कुत्रं दिसेना. कोणा साहेबाच्या मनात आलं होतं की गावातली मोकाट कुत्री मारावीत, म्हणून शिपाई दंडुके घेऊन फिरले होते. हे कळताच मारवाडी महाजनांनी आपली माणसं टोपल्या घेऊन धाडली. शिपायाच्या हाती आधी लागेल ते मरे, महाजनाच्या माणसाच्या हाती आधी लागेल ते पांजरपोळात जाई. कित्येक दिवस अमरावतीत कुत्र्यांचं भवितव्य कोणाचे पाय जास्त वेगाने धावतात यावर अवलंबून होतं.

पांजरपोळ म्हणजे एक लांबलचक आवार. म्हाताऱ्या गाई, लंगडे घोडे, डोळे गेलेला एक उंट, आणि एका कुडाच्या आत ती जमवलेली कुत्री. तिथला कारभार जेठमल नावाचा एक वाळका मारवाडी बघे. त्याने खुशालरावचा फेटा बघितला, लंगडणारा पाय बघितला.

"काटा है कुत्ते ने?"

"हो. ते कुत्रं पायजे मले. काय असन ते देतो."

"हे विकत नाही देत, पाटील. ह्यो बाजार नाही." जेठमलच्या बोलण्यात मारवाड आणि वऱ्हाड अर्धं अर्धं होतं. "फुकट देतो. पन फुकटाला लई खर्च असतो. अंदर चला."

लाल कुत्री आठ-दहा असतील. लहान त्यातली चार. गोदाबाईने एकेकाचा कान बघितला. कुडाला धरून ती पुरं आवार फिरली, गाईंच्या मागे बघितलं, उंटाच्या सावलीत बघितलं. दुमडलेल्या डाव्या कानाचं कुत्रं तिथे नव्हतं.

"जी शिपायाइनं नेली ती?" तिने हळूच विचारलं.

जेठमलने हात जोडून आभाळाकडे केले.

ती परत आली. खुशालराव कुडाशी उभा होता. एवढा उंचापुरा माणूस, पण तीन दिवसांत गालफडं बसली होती, आणि तो कुत्र्यांकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कोणतं?"

गोदाबाईने पुन्हा चौघांकडे बघितलं. एक खरूज लागलेलं, एक थरथरत होतं, एक नुसतं पडून. चौथं पाण्याच्या दगडी डोणीवर एका गाईला ढकलून पीत होतं, नाक ओलं, दात पांढरे, अंगावर तकाकी. बैल निवडताना तिचा बाप बघे तेवढं सगळं तिने बघून घेतलं. नवऱ्याला जगायचं तर जगणारं कुत्रं हवं.

"ते," ती म्हणाली.

खुशालरावने निरखून बघितलं. "त्याचा कान तं उभा आहे."

"तवा भाकर होती तोंडात. खातानी पाडते कान."

कुत्र्याने मान वर करून खुशालरावकडे बघितलं आणि गुरगुरलं. ते सगळ्यांकडेच बघून गुरगुरत असे. पण खुशालरावच्या छातीतून जो श्वास सुटला, तो गोदाबाईने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"हेच. ओळखलं त्यानं मले."

जेठमलने तांब्या मागवला. "हात पुढं करा, पाटील. म्हणा, मारनार नाही, मारू देनार नाही, हाकलनार नाही. त्याच्या पोटात गेल्याबिगर माह्या पोटात जानार नाही." आणि त्याने खुशालरावच्या ओंजळीवर पाणी सोडलं. खुशालरावने त्या पाण्यासमोर मान लववली. गोदाबाई आणि शेजारचा आंधळा उंट सोडले तर ह्या दानाला साक्षीदार कोणी नव्हता, पण विधीत काही कमी राहिलं नाही.

वाटेत कुत्रं गोदाबाईच्या मांडीवर झोपलं. नाल्यानाल्याला खुशालराव गाडी थांबवी, कुत्र्याला पाणी दाखवी आणि ते प्यालं की स्वतः ओंजळभर पिई. गावात शिरेपर्यंत त्याच्या अंगात पुन्हा जोर आला होता.

खरं म्हणजे इथे गोष्ट संपायची. पण त्या वर्षी वऱ्हाडात पैसा असा खेळत होता की कोणाला कुठलीही गोष्ट साधी राहू देणं जमत नव्हतं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, कोणी दाराची कडीच चांदीने मढवली. आणि खुशालरावचा तर जीवच चार पायांवर अंगणात बसला होता. त्याने अकोल्याच्या सोनाराकडून कुत्र्यासाठी चांदीची वाटी घडवून आणली. घासूनपुसून आरशासारखी केलेली. लोक कुत्र्याला 'पाटलाचा जीव' म्हणू लागले, आणि येता-जाता त्याच्या तब्येतीची चौकशी करू लागले. काहींची चौकशी मनापासून असे. धाकटा भाऊ शेषराव मात्र येता-जाता कुत्र्याच्या तोंडाकडे बघे.

ज्या दिवशी वाटी आली त्या दिवशी मातीचं जुनं भांडं फेकून दिलं. आणि त्या दिवशी कुत्रं पाणी प्यालं नाही.

खुशालरावला वाटलं, तहान नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी भरून पुढे ठेवली. कुत्रं उठलं, जीभ बाहेर काढून वाटीपाशी गेलं, थबकलं. पाठीवरचे केस उभे राहिले. ते वाटीकडे बघून गुरगुरलं आणि दोरी ताणेपर्यंत मागे सरकलं.

खुशालरावने वाटीकडे बघितलं. मग त्याने स्वतःचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"काय झालं?" गोदाबाईने विचारलं.

"काई नाई. गळा धरला."

दुपारपर्यंत गावाला कळलं. अंगणाच्या कुडाबाहेर माणसं जमू लागली. ऊन होतं तरी पश्चिमेकडून काळं चढत होतं, पौषात कोणी न मागितलेलं. अंगणात वेचून आणलेला कापूस उघड्यावर पडला होता, कंबरभर उंच. एरवी तेवढ्या ढगाला खुशालरावने सारं घर धावायला लावलं असतं. आज तो खाटेवर बसून होता, समोर तांब्या, पलीकडे कुत्रं, त्याच्यापुढे चकाकणारी वाटी. दोघांनीही पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

भगवंतराव आत आले. लांबूनच बघितलं.

"परत ठेव बरं वाटी."

गोदाबाईने वाटी पुढे सरकवली. कुत्रं पुढे आलं, वाकलं, दात दाखवून भुंकलं आणि मागे सरलं. त्याच्या जिभेवरून लाळ गळत होती.

"पाहा," भगवंतराव गर्दीला म्हणाले. त्यांचा आवाज थोडा समाधानी वाटला. "त्याले पाण्यात कुत्रं दिसून राह्यलं."

कुडाबाहेरची माणसं दोन पावलं मागे झाली. शेषराव मात्र पुढे आला, त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"दादा, बाजूले हो. गावात लेकरं-वासरं आहेत."

खुशालराव उठला. तो भाऊ आणि कुत्रं यांच्या मधे जाऊन उभा राहिला. "हात नाई लावाचा त्याले."

"पिसाळलं ते. उद्या कोनाले चावलं तं?"

"मी पाणी सोडलं हातावर, शेष्या. अन् ते मेलं का मी मेलो."

"ते आपोआप मेलं तं माणूस जाते, असं म्हनलं भगवंतरावांनी. मी मारलं तं तुले काई होत नसन." शेषराव भगवंतरावांकडे वळला. "काय हो?"

भगवंतरावांनी ह्या बाजूचा विचार केलेला नव्हता. ते म्हणाले, "पाहा लागन."

दूर कुठेतरी आभाळ गुरगुरलं. खुशालरावने गळ्याला हात लावला. सगळ्या गावाने ते पाहिलं. 

गोदाबाई खांबाला टेकून उभी होती. तोंडाशी एक वाक्य आलं होतं, आणि ते बोलली असती तर सगळं मिटलं असतं: हे ते कुत्रंच नाही. पण मग तो विचारणार, ते कुठं आहे? आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, किंवा होतं ते दंडुका घेऊन फिरणाऱ्या शिपायाकडे. हे कुत्रं गेलं तर नवरा भीतीने जाणार आणि खरं सांगितलं तरी भीतीनेच जाणार. तिने ते वाक्य गिळलं. मग नवऱ्याकडे बघणं सोडून ती कुत्र्याकडे बघू लागली.

पिसाळलेलं कुत्रं तिने माहेरी पाहिलं होतं. ते पाण्याकडे फिरकत नव्हतं. हे तर पुन्हा पुन्हा जात होतं. तहानेने जात होतं, अगदी वाटीच्या काठापर्यंत, आणि तिथे कोणी तरी भेटल्यासारखं चिडून परत येत होतं. ती कुत्र्याच्या मागे गेली, गुडघ्यावर बसली आणि त्याच्या खांद्यावरून वाटीत बघितलं.

"वयनी, मागं हो," शेषराव ओरडला.

"भगवंतभाऊजी," ती तिथूनच म्हणाली. "म्हणता ते खरं आहे. पाण्यात कुत्रं आहे."

गर्दीतून एक उसासा आला. खुशालराव खाटेवर बसला.

"लाल आहे. दोन कान उभे. दात काहाडून राह्यलं." ती उठली. "कुत्र्याले आरशात कुत्रं दिसन नाई तं का हत्ती दिसन? नव्या नवरीचं तोंड दिसन अशी घासली तुमी ते वाटी. त्याले वाटून राह्यलं, दुसरं कुत्रं आपलं पाणी राखून बसलं."

असं म्हणून तिने दोरी सोडली.

कुडाबाहेर पळापळ झाली. शेषरावने कुऱ्हाड उगारली. खुशालरावने त्याचं मनगट धरलं, पण त्याच्या बोटांत जोर नव्हता, आणि दोघं भाऊ तसेच अर्धवट झटापटीत थांबून बघत राहिले. गोदाबाईने कुत्र्याला उचलून छातीशी धरलं आणि गोठ्याकडे चालू लागली. त्याचं तोंड तिच्या मानेपासून चार बोटांवर होतं. एवढा वेळ न घाबरलेल्या गोदाबाईला तेवढं अंतर चालताना पाठीतून घाम फुटला. कारण आरशाचं तिला पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि मान वेगळी.

गोठ्यात दगडी डोणी होती. पाणी गढूळ, वर सरकीची टरफलं, आणि एक बैल त्यात नाक बुडवून उभा. तिने कुत्र्याला खाली ठेवलं.

कुत्र्याने बैलाकडे बघितलं. बैलाने कुत्र्याकडे बघितलं नाही. कुत्र्याने पुढचे पाय डोणीवर टेकले, खांद्याने बैलाचं थोबाड बाजूला ढकललं आणि पिऊ लागलं. पांजरपोळात गाईला ढकलायचं तसंच. लपलप आवाज कुडापर्यंत ऐकू येत होता. ते थांबलं, श्वास घेतला, पुन्हा प्यालं.

खुशालराव गोठ्याच्या दारात आला होता. त्याने फेटा काढला, गोदाबाईच्या हातात दिला, कुत्रं आणि बैल यांच्या मधे गुडघे टेकले आणि डोणीत तोंड घातलं.

आभाळ त्याच वेळी कडाडलं, पार डोक्यावर. सगळं गाव त्याच्या मानेकडे बघत होतं. मान हलली नाही. गळ्यातली घाटी वर-खाली होत राहिली. खूप वेळाने त्याने डोकं वर काढलं. मिशीला सरकीची टरफलं, हनुवटीवरून पाणी. कुडाबाहेर कुऱ्हाड घेऊन आलेली, काठ्या घेऊन आलेली, नुसतीच आलेली सगळी माणसं त्याला दिसली.

"पाहता काय लेकहो," तो म्हणाला. "कापूस झाका."

शेषराव कुऱ्हाड टाकून पहिला धावला. भगवंतरावांनीसुद्धा दोन पाट्या उचलल्या.

सव्वा महिना झाला, खुशालराव जिता राहिला. आपण पाण्यात कुत्रं असूनही वाचलो, असं तो चारचौघांत सांगे. चांदीची वाटी देवघरात गेली. तिथे देवाला तिच्यात काय दिसे ते देवाला ठाऊक. कुत्रं डोणीतच पिई. कधी कधी खुशालराव त्याच्या डाव्या कानाकडे बघत बसे.

"याचा कान काहून दुमडत नाई वं?"

"सुखात आहे," गोदाबाई म्हणे.

पण ती स्वतः सुखात नव्हती. सव्वा महिना त्याचा सरला, तिचा नाही. भगवंतराव एकदा बोलून गेले होते की हे ईख वर्षवर्ष अंगात दबून राहते, आणि जे चावलं ते जितं कुत्रं तिच्याजवळ नव्हतं. पुरं वर्ष आभाळ वाजलं की ती हातातलं काम टाकून नवऱ्याच्या पाण्याच्या तांब्याकडे बघे.

पुढल्या हंगामात ती दोघं पुन्हा अमरावतीला गेली. पांजरपोळापाशी जेठमल भेटला, त्याने विचारलं, कुत्रं कसं आहे; खुशालराव म्हणाला, पोराहून बरं. मग बाजार. गाड्या उभ्या राहिल्या, खुशालरावने हात रुमालाखाली घातला आणि चेहरा मर्तिकाचा केला. गोदाबाई कापसावर बसून होती.

पलीकडच्या गाडीखालून एक लहानसं लाल कुत्रं आलं. अंग भरलेलं. डावा कान दुमडलेला. ते खुशालरावच्या पोटरीपाशी थांबलं, हुंगलं, आणि जुनी ओळख नको असल्यासारखं चार हात वळसा घालून निघून गेलं.

सौदा संपवून खुशालराव आला. "ते कुत्रं पाह्यलं का? कुठंतरी पाह्यल्यावानी वाटते."

"लाल कुत्रे सारखेच दिसतात," गोदाबाई म्हणाली. तिने फडक्यातली अख्खी भाकर काढून गाडीखाली टाकली होती, ते त्याला दिसलं नाही. ती कापसावरून खाली उतरली, जुवाला टेकून बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"जरा पाणी आना बरं," ती म्हणाली. "लई तहान लागली."